वॉर्डातली तिसरी

पानिंगने मान बाजूला घेतली. घडले ते एवढेच. परंतु नोर्मिंडाचा फणी धरलेला हात हवेत तसाच राहिला, आणि आपण आता कुठे टेकावे हे त्या हाताला क्षणभर कळेना. कित्येक वर्षे या बाईच्या केसांना दुसऱ्या कुणी स्पर्श केला नव्हता. दुसरी कुणी जवळ आली की पानिंग भिंतीला कपाळ लावून घुमू लागे, मग कुणीतरी ओरडे, "मनांग मिंडाला बोलवा!" आणि नोर्मिंडा, साऱ्या वॉर्डाची मनांग म्हणजे थोरली ताई, हातातले काम टाकून, कपाळावर आठी आणि अंतःकरणात एक गुप्त गोडवा घेऊन येत असे. आज पानिंगने तिच्या बोटांतून फणी अलगद काढून घेतली आणि खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या नव्या नर्ससमोर, रिआलिनसमोर धरली. "हिच्याकडून," ती म्हणाली. "तू ओढतेस. तुला घाई असते."

"अगं बाई! मिंडा, तुला सवत आली बघ," फरशी पुसता पुसता आया लुदिंग म्हणाली. लुदिंग वयाने सर्वांत वडील, तिला कुणाची भीड नव्हती.

"नाही हं पानिंग, असं नाही करायचं," रिआलिन लाजून म्हणाली. "मनांगच छान विंचरतात. मला तर साधी वेणीसुद्धा धड येत नाही."

"विंचर की," नोर्मिंडा म्हणाली. "तेवढेच माझे हात रिकामे होतील." आणि ती हसली. ते हसू तिला स्वतःलाच दातांत अडकलेल्या माशाच्या काट्यासारखे वाटले. जिभेने चाचपावे तो अधिकच रुतावा.

औषधांची ढकलगाडी घेऊन ती खाटांच्या रांगेतून पुढे निघाली. तोंड उघड, जीभ वर कर, गिळलीस का, दाखव. हे शब्द तिच्या ओठांतून इतकी वर्षे बाहेर पडत आले होते की त्यांना आता तिची आवश्यकताही उरली नव्हती. ते आपले आपण चालत होते आणि ती स्वतः, संपूर्णपणे, आपल्या पाठीच्या कातडीत गोळा होऊन मागचे ऐकत होती. मागे रिआलिन खाटेवर बसली होती. बसली होती! नोर्मिंडा या वॉर्डात कधी कुणाच्या खाटेवर बसली नाही. बसणारी नर्स म्हणजे आळशी नर्स, असे तिला शिकवले गेले होते आणि तिने पुढच्या कितीतरी पोरींना शिकवले होते. परंतु रिआलिन बसली होती, आणि फणी केसांतून जाण्याचा तो मंद, कोरडा, समुद्राकाठच्या वाळूत कुणी पाय ओढावेत तसा आवाज येत होता, आणि मध्येच पानिंग काहीतरी सांगत होती. काय सांगत होती? पानिंग तर बोलत नसे. नोर्मिंडाशी ती हो-नाहीपलीकडे कधी बोललेली नव्हती. "मग त्या कोंबडीचं काय झालं?" रिआलिनने विचारले. म्हणजे कोंबडीची काही गोष्ट होती. इतकी वर्षे पानिंगच्या पोटात कोंबडीची एक गोष्ट होती, आणि ती या कालच्या पोरीला मिळाली.

दाराच्या मागे खुंटीवर कापडी पट्ट्या टांगलेल्या होत्या. कुणी फार उसळले की मनगटे खाटेला बांधायच्या त्या पट्ट्या. पूर्वी लुदिंग त्या रोज धुऊन मागच्या अंगणात वाळत घाली आणि वाऱ्यावर त्या फडफडत. अलीकडे त्या घडी मोडल्याविना खुंटीवरच असत. रिआलिन आल्यापासून. या गोष्टीबद्दल कुणी एक शब्दही उच्चारला नव्हता, पण नोर्मिंडाला ती घडी जाता-येता दिसे, आणि दिसली की कुणीतरी आपल्याला उद्देशून खाकरल्यासारखे वाटे. पूर्वी ती पानिंगचे केस विंचरी तेव्हा पानिंगचा डावा हात आधी खाटेला बांधून घेई. हळुवार गाठ असे ती. तिच्याखाली बोट सहज जाई. त्यात क्रौर्य नव्हते. एक हात फणीला, एक हात केसांना. मग पानिंगचा हात धरायला तिसरा हात आणायचा कुठून? आणि पाठीमागे चाळीसहून अधिक बाया, त्यांतली एक रडते, एक नळ सोडून बसते, एक टोकाच्या लोखंडी जाळीला चढते. वर्षानुवर्षे त्यांना सांभाळायला सकाळच्या ड्यूटीवर दोघीच होत्या, ती आणि लुदिंग. त्या दोघींनी हा वॉर्ड चालवला होता. साऱ्या इलोइलो शहरात मनोरुग्ण बायकांचा असा शांत वॉर्ड नाही, असे मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत असत.

रिआलिन ही तिसरी होती. वर्षाच्या आरंभी राजधानीतून तपासणीला माणसे आली, त्यांनी खाटा मोजल्या, माणसे मोजली, माना हलवल्या, आणि जाताना एक तिसरी जागा तात्पुरती मंजूर करून गेली. ती कायम व्हायची की नाही हे आता ठरायचे होते. मेट्रन मिसेस गारिबाय यांनी नोर्मिंडाला बोलावून, खुर्चीवर बसवून, स्वतःच्या हाताने कॉफी दिली होती. "तुझ्या शब्दावर आहे सगळं, मिंडा. तू म्हणालीस दोघींत भागतं, तर ती जागा मी पुरुषांच्या वॉर्डाला देऊन टाकते. तिथे बोंब आहे. मुलगीही मग तिकडे जाईल किंवा घरी. तू म्हणालीस नाही भागत, तर मला वरच्यांशी भांडावं लागेल. तुलाच ठाऊक, तू इतकी वर्षं कशी निभावलीस." आणि मग मेट्रन किंचित हसल्या. "की आता वय झालं?"

सोमवारी उत्तर द्यायचे होते. एका शब्दाने ही मुलगी या खाटांमधून नाहीशी होणार होती, हे नोर्मिंडाला पूर्णपणे ठाऊक होते. आणि हे ज्ञान ती, उन्हाळ्यात थंड पाण्याचा पेला गालाला लावून ठेवावा तसे, दिवसभर जवळ बाळगत असे.

संध्याकाळी घरी, मोलो वस्तीकडे जाणाऱ्या प्रवासी जीपनीत ती कडेला बसली. समोरच्या बाकावर एक लहान मुलगी आईच्या मांडीवर पसरून झोपली होती आणि थोरली, सहा-सात वर्षांची, शेजारी ताठ बसून आईची पिशवी सांभाळत होती. शहाणी ती. थोरल्या मुलींना शहाणी म्हणतात आणि पिशवी देतात. धाकटी बहीण ग्लेंडा जन्मली तेव्हा नोर्मिंडा तेवढीच होती. दुपारी उकाड्यात आई दोघींना घेऊन चटईवर पडे. ग्लेंडा आईच्या कुशीत आणि नोर्मिंडा त्या दोघींना वारा घालणारी, ताडपत्राचा पंखा दोन्ही हातांनी धरून. मनगट भरून येई, पण थांबले की ग्लेंडा कुरकुरे आणि आई डोळे न उघडता म्हणे, "माझी मिंडा म्हणजे किती गुणाची." त्या वाक्यासाठी तिने हात मोडून घेतला असता. परंतु आईचा हात मात्र ग्लेंडाच्या पाठीवर फिरत असे. वर, खाली, वर, खाली. शब्द एकीला आणि हात दुसरीला. बेंबीपाशी काहीतरी तापत जाई, चुलीवर ठेवून विसरलेल्या रिकाम्या भांड्यासारखे. पुढे ग्लेंडाही नर्स झाली, विलायतेला गेली, तिकडून चॉकलेटे आणि साबण पाठवू लागली, आणि आई शेजाऱ्यांना ते साबण हुंगायला देत असे. आईच्या अखेरच्या आजारात तिचे अंग पुसले ते नोर्मिंडाने. पण कोणत्या साबणाने, ते सांगायला नको.

शिकाऊ म्हणून किती पोरी आल्या आणि गेल्या! प्रत्येकीला तिने शिकवले: जाळीकडे पाठ करायची नाही, केसांचा आकडा बोथट हवा, आवाज खाली आणि डोळे वर. शिकल्या, आणि जेद्दाहला गेल्या, लंडनला गेल्या, दुबईला गेल्या. निरोपाच्या जेवणात प्रत्येकीने तिच्या गळ्यात पडून म्हटले, "मनांग, तुम्ही नसतात तर आम्ही पळून गेलो असतो." नंतर त्या पळूनच गेल्या, फक्त विमानाने. त्यांचा तिला हेवा वाटला होता का? वाटला होता, परंतु तो दूरचा हेवा होता, फोटोंपुरता, बर्फात उभ्या राहिलेल्या गुबगुबीत कोटांपुरता. रिआलिनचा हेवा निराळा होता. ही जाण्यासाठी आलेली नव्हती. "मला इथंच आवडतं," असे ती म्हणाली होती, भात खाता खाता, अगदी सहज. ज्या एका गोष्टीवर नोर्मिंडाचा हक्क होता, म्हणजे मागे राहण्यावर, तीही या मुलीने उचलली होती.

शुक्रवारी तिचा वाढदिवस होता. दरवर्षी ती वॉर्डासाठी मोलोचे पान्सित करून नेई. आता हे नाव फसवे आहे हे तिकडे कुणाला सांगावे लागत नाही. पान्सित म्हणजे खरे तर लांब शेवया. पण मोलोच्या पान्सितात शेवयाच नसतात, सारणाच्या लहान लहान पुड्या असतात, कोंबडीच्या रश्शात पोहणाऱ्या. म्हणूनच ते इस्पितळात चालते. खऱ्या शेवया मात्र ड्यूटीवर कुणी आणत नाही. शेवया लांब, म्हणून घरी वाढदिवसाला त्या आयुष्य लांबवतात. पण वॉर्डात आणल्या तर त्याच शेवया कामाला लांबी देतात. त्या दाराच्या आत आल्या की रुग्ण येत राहतात, पडत राहतात, भांडत राहतात, आणि ड्यूटी, तिकडच्या नर्सांच्या शब्दांत, विषारी होते. शिकलेले डॉक्टर यावर हसतात आणि आपल्या ड्यूटीच्या दिवशी शेवयांकडे ढुंकून बघत नाहीत.

गुरुवारी बाजारात ती पुड्यांचे पातळ पापुद्रे घ्यायला गेली. दुकानदारीण तिला ओळखत होती. "आलाच का वाढदिवस, मनांग? किती देऊ?" पापुद्र्यांच्या शेजारी शेवयांची भेंडोळी रचून ठेवली होती, पिवळसर, कोरडी, कुणा म्हाताऱ्या बाईच्या केसांच्या गुंतवळासारखी. "या वर्षी ह्या दे," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला नाही. उलट फार दिवसांनी भेटलेल्या माणसासारखा ओळखीचा वाटला. त्याच दुपारी तिने शुक्रवारची रजा मागितली होती, वाढदिवसाची, आणि ती मिळालीही होती. रिआलिनच म्हणाली होती, "घ्या ना मनांग, तुम्ही कधीच घेत नाही. आम्ही दोघी बघू."

आम्ही दोघी. बघच मग.

शुक्रवारी सकाळी शेवयांचा मोठा डबा तिने फाटकावर लुदिंगच्या हाती दिला. लुदिंगने झाकणाची कड किंचित उचलली आणि तिच्याकडे पाहिले. "मिंडा, ह्या लांब आहेत."

"मोलोचा कंटाळा आला, मनांग. दरवर्षी तेच."

"मला नाही आला कधी," लुदिंग म्हणाली. "बरं. ठेवते मागे. वाढदिवस सुखाचा जावो." आणि डबा अंगापासून दूर धरून, जणू तो गळतो आहे, ती आत गेली.

नोर्मिंडा मोलोच्या देवळात जाऊन बसली. तिथे खांबाखांबावर संतिणी उभ्या आहेत, सगळ्या बायकाच; प्रत्येकीला स्वतःचा खांब, स्वतःचा प्रकाश, दुसरीकडे पाहायचे कारण नाही. त्यांचे बरे आहे, असे तिच्या मनात आले. एका खांबावर दोघींना उभे केले असते म्हणजे कळले असते संतपण. ती प्रार्थना करीत नव्हती. ती वॉर्ड पाहत होती. आता न्याहारी उरकली असेल, आता लुदिंग अंघोळीला रांग लावील, आता औषधे. रिआलिन धावते आहे. रिआलिनचा अंबाडा सुटला आहे. कुणीतरी ताट फेकले, कुणीतरी नळ सोडला, आणि रिआलिन मधोमध उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणते आहे, मनांग मिंडा असत्या तर! एवढेच तिला हवे होते. रक्त नको होते. ते तिने संतिणींना मनातल्या मनात स्पष्ट बजावून सांगितले. थोडीशी तारांबळ, आणि ते एक वाक्य. ती ते वाक्य जिभेवर घोळवत राहिली, आणि घोळवता घोळवता एक विलक्षण गोष्ट तिच्या ध्यानात आली: त्या चित्रात ती धावणारी मुलगी रिआलिन राहिली नव्हती. चेहरा तिचा स्वतःचा होता, तरुणपणीचा, आणि ती रडत नव्हती, दाराआडच्या खुंटीकडे हात लांबवत होती.

फोन वाजला तेव्हा माध्यान्ह झाली होती.

"इंदाय," लुदिंगने धाकट्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. ती धापा टाकत होती आणि मागे कुठेतरी दार आपटत होते. "पोरीला मोठ्या इस्पितळात नेलंय. हात मोडला. डोक्याला टाके."

"काय झालं?"

"काय व्हायचं! न्हाणीत एकीला फिट आली. मी तिचं डोकं धरून बसले, सोडू कशी? बाहेर ही एकटी. त्या दोघी जाळीवाल्या भांडायला लागल्या, पानिंग घाबरली, खिडकीच्या काचेवर डोकं आपटायला लागली. पोरीने तिला मागून मिठी मारली. बांधली नाही गं, नुसती धरून बसली. आणि तिच्या पाठीमागून एकीने स्टूल घातलं. बघायला कुणी नव्हतं ना पाठीमागे."

नोर्मिंडाच्या तोंडून बाहेर पडले ते एवढेच: "शेवया खाल्ल्यात तुम्ही?"

"शेवया? वेड लागलं का तुला? डबा उघडलासुद्धा नाही. मी बाहेर पायरीवरच ठेवलाय. आत नेलाच नाही मी तो, मिंडा. मला काय कळत नाही होय?"

ती देवळाबाहेर येऊन उन्हात उभी राहिली. डबा आत गेलाच नव्हता. शेवयांनी काहीच केले नव्हते. जे वॉर्डात नव्हते ते एकच होते, तिचे स्वतःचे शरीर: दाराजवळच्या तिसऱ्या खाटेपाशी, जिथून न्हाणी आणि जाळी दोन्ही दिसतात, तिथे उभे राहणारे. त्या जागी आज हवा होती. त्या हवेतून स्टूल आले. एका बाईच्या वाढदिवसाने जर एक अख्खा वॉर्ड कोसळत असेल, तर मग इतकी वर्षे तो उभा तरी कशावर होता? आपल्यावर, असे तिचे मन तत्काळ म्हणाले, आणि त्या उत्तराबरोबर बेंबीपाशी ते जुने, गोड, तापलेले काहीतरी हलले. माझ्यावर. बघा, मी एक दिवस नव्हते तर! या आनंदाची तिला किळस आली, तरी तो गेला नाही. किळस आणि आनंद, एकाच चटईवर निजलेल्या दोघी बहिणींसारखे, तिच्या आत घाम गाळत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत पंखा फिरत होता आणि या खेपेस कॉफी नव्हती. लुदिंग दाराशी उभी होती. मिसेस गारिबाय रात्रभर जागलेल्या दिसत होत्या, त्यांनी डोळे चोळले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "आधी एवढं सांग. पान्सित कोणतं होतं? मोलोचं की लांब?"

प्रश्न थट्टेचा नव्हता.

"सगळ्या इस्पितळात तेच चाललंय," मेट्रन म्हणाल्या. "स्वयंपाकघरातले सांगतात, फाटकावरचे सांगतात. मोलोचं असेल तर प्रश्नच मिटला. लांब असेल तर मला आजच्या आज सगळ्या वॉर्डांना ताकीद द्यावी लागेल, की शेवया आणायच्या नाहीत. वरून विचारलं तर काहीतरी केलेलं दाखवायला हवं."

मोलोचे, एवढे म्हटले की झाले. लुदिंग काही बोलणार नाही, हे तिच्या पाठमोऱ्या मानेवरूनही कळत होते.

"लांब होत्या," नोर्मिंडा म्हणाली. "पण डबा आत गेलाच नाही. शेवयांनी नाही झालं, मॅडम. मी नव्हते म्हणून झालं."

मिसेस गारिबाय यांचा चेहरा उजळला. त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी चक्क नोर्मिंडाचा हात हातात घेतला. "मी हेच म्हणत होते. अगदी हेच. तू असतीस तर असं झालं नसतं. ती मुलगी चांगली आहे, पण मऊ आहे. पेशंटला मिठ्या मारत बसते. तुझ्यासारखी एक असली की लुदिंगबरोबर वॉर्ड चालतो, आजवर चाललाच आहे. म्हणजे तुझं उत्तर मी धरून चालू ना? दोघींत भागतं."

हाच तो क्षण होता, जो तिने कित्येक दिवस गालाला लावून ठेवला होता. तो इतक्या सहजतेने, इतक्या उबदार हाताने तिच्यापुढे आला की तो घेणे म्हणजे जवळजवळ सौजन्य ठरले असते. मेट्रनचा अंगठा तिच्या मनगटावर होता. वर, खाली फिरत होता. किती वर्षांनी शब्द आणि हात दोन्ही एकदम तिच्या वाट्याला आले होते! तिने मान हलवायची होती, बस्स. रिआलिन पुरुषांच्या वॉर्डात जाईल, किंवा हात जुळल्यावर तीही विमानात बसेल, आणि पानिंग चार दिवस भिंतीला कपाळ लावून घुमेल, आणि मग पुन्हा कुणीतरी ओरडेल, मनांग मिंडाला बोलवा. ते ओरडणे तिला ऐकू आलेदेखील. पण त्याच्यामागून, हट्टाने, एक बारीकसा प्रश्न आला. मग त्या कोंबडीचे काय झाले? तो प्रश्न तिला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. सुचला असता तरी उत्तर ऐकायला उभे राहायला वेळ नव्हता. या मुलीकडे असे काय होते जे आपल्याकडे नव्हते? मऊ हात? गोड आवाज? नोर्मिंडाने प्रामाणिकपणे, हिशेबात चूक शोधावी तसे, शोधून पाहिले. त्या मुलीकडे पाठ होती. जिच्यामागे कुणीतरी उभे आहे अशी पाठ. ती खाटेवर बसत असे, कारण पाठीमागे नोर्मिंडा होती.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिने हात सोडवून घेतला. "ती तिसरी नव्हती. ती बसायची, मी मागे उभी असायचे. तिसरी मी होते."

"म्हणजे?"

"शुक्रवारी तिसरी नव्हती, म्हणून स्टूल लागलं. मी असते आणि ती नसती, तरी दोघीच. मलाही लागलं असतं."

"तुला इतक्या वर्षांत कधी लागलं नाही, मिंडा."

"कारण मी बांधत होते," नोर्मिंडा म्हणाली. "दोघींत भागतं, मॅडम. बांधून ठेवलं तर एकीतही भागेल."

पंखा फिरत राहिला. दाराशी लुदिंगने नाक ओढले. मेट्रन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "हे मी वर सांगेन. काय होईल ते मला ठाऊक नाही. आज मात्र तुम्ही दोघीच आहात. जा आता, वॉर्ड उघडा पडलाय."

वॉर्डात पानिंग उताणी पडली होती, दोन्ही मनगटे खाटेला बांधलेली, कपाळावर पट्टी. कालच्या संध्याकाळच्या नर्सने बांधले असणार. गाठ घाईची होती, तिच्याखाली बोट जात नव्हते. नोर्मिंडाने ती सोडली. एक, मग दुसरी. मनगटावर उमटलेल्या वळाकडे पाहत ती उभी राहिली, आणि मग, गुडघे मोडून, चोरी करणाऱ्या माणसासारखी इकडेतिकडे पाहत, खाटेच्या कडेवर बसली. गादी तिच्या भाराने खचली आणि पानिंगचे अंग किंचित तिच्याकडे कलले. इतके उबदार असते हे? इथे बसले की त्यांचा श्वास ऐकू येतो?

"ती कुठंय?" पानिंगने विचारले.

लागले. पुन्हा तिथेच, बेंबीपाशी, तितकेच. खरे बोलल्याने त्यात तिळभरही फरक पडला नव्हता, आणि पडेल अशी आशा आपण धरली होती याचे नोर्मिंडाला आश्चर्य वाटले.

"हात मोडलाय तिचा. जुळायला वेळ लागेल."

"मी मोडला?"

"नाही. तू नाही."

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला जाळी खडखडली. कुणीतरी किंचाळले, एक ताट फरशीवर गरगरत गेले, आणि न्हाणीच्या आतून लुदिंगचा आवाज आला, "मिंडा! अगं जाळीकडे बघ! मला सोडता येत नाही हिला!" पानिंगचे सारे अंग ताठ झाले. तिने नोर्मिंडाचा झगा मुठीत धरला आणि तिची नजर काचेकडे वळली. पट्ट्या खाटेवरच पडल्या होत्या, हाताच्या अंतरावर. नोर्मिंडाचा हात तिकडे निघालासुद्धा. त्या हाताला वाट पाठ होती.

दारात मिसेस गारिबाय उभ्या होत्या. त्या काही विसरले म्हणून आल्या होत्या, की पाहायला आल्या होत्या, देव जाणे.

"काय बघत बसलीस?" त्या ओरडल्या. "ऊठ! तिकडे जाळीवर चढतायत!"

"मी उठले की हिला बांधावं लागेल, मॅडम," नोर्मिंडा म्हणाली. तिचा आवाज खाली होता आणि डोळे वर. "मी उठत नाही. तिकडे तुम्ही जा."

मेट्रनच्या चेहऱ्यावरून अनेक गोष्टी एकामागून एक सरकल्या. मग त्यांनी हातातले घड्याळ काढून खिशात टाकले आणि त्या पांढऱ्या कडक बुटांनिशी, कित्येक वर्षांत त्या बुटांना माहीत नसलेल्या वेगाने, रांगेतून जाळीकडे धावल्या. "ए, उतर खाली! हळू! मला धर, मला!" त्यांचा आवाज फाटका आणि भ्यालेला होता, परंतु तो आवाज होता, तिथे, त्या टोकाला.

पानिंगची मूठ थोडी सैल झाली. नोर्मिंडाने तिच्या पाठीखाली हात सरकवला. तो पाठीवर कसा फिरवायचा हे तिला नीट जमेना.

"ती परत येणार?" पानिंगने विचारले.

"येईल."

पानिंगने विचार केला. मग ती भिंतीकडे थोडी सरकली आणि तिने खाटेवर अधिक जागा करून दिली.

"तोवर तू बस," ती म्हणाली.

नोर्मिंडा बसली.